विमानावर नाव एकाचे, मालकी दुसऱ्याची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या विमान कंपन्यांची ओळख करून देणारे पान वाचले. प्रत्येक कंपनीला एक चौकट, चौकटीत स्थापनेचे वर्ष, विमानांची संख्या, किती शहरांना जाते तो आकडा आणि शेजारी रंगवलेल्या शेपटीचा फोटो. पान दोनदा वाचून मी ते कापून ठेवले आहे. या विषयाला मराठी वर्तमानपत्राने अख्खे पान द्यावे याचा मला मनापासून आनंद झाला. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण त्या चौकटींमध्ये जे नव्हते त्यातच माझी २७ वर्षे गेली.

मी एका विमान कंपनीच्या टेक्निकल रेकॉर्ड्स विभागात नोकरी केली. कंपनीचे नाव लिहीत नाही. ती आता राहिलेली नाही आणि माझे म्हणणेही तिच्यापुरते नाही. आमचे काम नोंदींचे. विमान किती तास उडाले, किती वेळा उतरले, कोणता पंप कधी बदलला, बदललेला पंप कुठून दुरुस्त होऊन आला, त्याचे प्रमाणपत्र कुठे आहे. इंजिनाच्या आत फिरणाऱ्या चकत्यांना ठरलेले आयुष्य असते. एकदा उडणे आणि एकदा उतरणे मिळून एक सायकल. अशा साधारण २० ते ३० हजार सायकली झाल्या की चकती कितीही चांगली दिसत असली तरी काढायची. आणि ती कारखान्यातून बाहेर पडल्यापासून कोणत्या इंजिनात, कोणाकडे, किती सायकली फिरली याचे कागद सलग हवेत. याला आम्ही ‘बॅक टू बर्थ’ म्हणायचो. मधल्या एका वर्षाचा कागद सापडला नाही तर चकती भंगारात. धातू तोच, झीजही नाही, पण कोणी ती इंजिनात बसवायला धजत नाही.

या कामामुळे एक सवय लागली ती अजून सुटलेली नाही. विमानात चढताना मी शेपटीवरचे चित्र पाहत नाही. आधी नोंदणी क्रमांक पाहते आणि मग पट्टी शोधते. भाड्याने आणलेल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये आणि प्रत्येक इंजिनावर धातूची छोटी पट्टी बसवावी, तिच्यावर खऱ्या मालकाचे नाव असावे, अशी अट भाडेपट्ट्याच्या करारात असते. काही विमानांत ही पट्टी पुढच्या दाराच्या चौकटीवरही असते. आत शिरताना मान जरा वळवली तर वाचता येते. तिच्यावर बहुतेक वेळा एखाद्या बँकेचे, ट्रस्टचे नाहीतर आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ‘लीजिंग’ म्हणजे विमाने भाड्याने देणाऱ्या कंपनीचे नाव असते. ज्या कंपनीचे तिकीट आपल्या हातात आहे तिचे नाव त्या पट्टीवर ‘भाडेकरू’ म्हणून येते.

आज जगातल्या प्रवासी विमानांपैकी जवळपास निम्मी अशी भाड्याची आहेत. आयर्लंडसारख्या छोट्या देशात हा धंदा कसा रुजला ही गोष्ट एखाद्या स्वतंत्र लेखाची आहे. आयर्लंडच्या एअर लिंगस या विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या टोनी रायन यांनी १९७५ मध्ये शॅनन येथे गिनिस पीट एव्हिएशन ही विमाने भाड्याने देणारी कंपनी उभारली. पुढे रायनएअर ही स्वस्त विमान कंपनी काढणारे रायन ते हेच. १९९२ मध्ये त्यांच्या लीजिंग कंपनीची शेअरविक्री फसली आणि कंपनी मोडकळीला आली, पण तिथे तयार झालेली माणसे या धंद्यात सगळीकडे पसरली. डब्लिनच्या एअरकॅपने २०२१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकची लीजिंग शाखा विकत घेतली. आता कोणत्याही एका विमान कंपनीच्या ताफ्यापेक्षा एअरकॅपच्या मालकीची विमाने जास्त आहेत. तरी प्रवाशाला हे नाव माहीत नसते, कारण ते कुठल्याच शेपटीवर रंगवलेले नसते.

हे प्रवाशाला कशाला कळायला हवे, असे आपले वार्ताहर विचारतील. मला हे महत्त्वाचे का वाटते, ते सांगते.

आमची कंपनी बंद पडली त्या दुपारी आम्ही सगळे हँगरमध्ये जमलो होतो. चार महिन्यांचे पगार थकलेले. समोर दोन विमाने उभी, बाहेर आणखी सात. आमच्यातले एक ज्येष्ठ मेकॅनिक माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, यातले एक विमान विकले तरी आपल्या सगळ्यांचे पैसे सुटतील ना?” माझ्या कपाटात प्रत्येक विमानाची फाइल होती. २२ विमानांचा ताफा म्हणून जो आकडा सगळीकडे छापून येत होता त्यातली तीन कंपनीच्या मालकीची होती, आणि त्या तिन्हींची इंजिने केव्हाच काढून दुसऱ्या विमानांना लावलेली होती. त्यांना मी काय सांगणार? म्हटले, “अहो, ही आपली नाहीत. यातले एकही आपले नाही.” त्यांनी २० वर्षे त्या विमानांची चाके, ब्रेक, हायड्रॉलिकच्या नळ्या स्वतःच्या हातांनी बदलल्या होत्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत पुन्हा तेच: ‘कंपनीच्या ताफ्यात २२ विमाने’. तो आकडा वाचून कितीतरी सहकारी वर्षभर लिलावाची वाट पाहत राहिले. मी पुढचे पाच महिने मालक कंपन्यांच्या प्रतिनिधींसमोर खोकी उघडत बसले. पगार येत नव्हता, तरी कागद नीट लावून दिले. कागद गेले असते तर ती विमाने आणि इंजिने कोणाच्याच उपयोगाची राहिली नसती, आणि त्या यंत्रांनी कोणाचे काय वाकडे केले होते? एकेका विमानावरचा जुना नोंदणी क्रमांक पुसला जायचा आणि त्या जागी आइल ऑफ मॅन किंवा गर्न्सी या ब्रिटनलगतच्या बेटांच्या नोंदवहीतला तात्पुरता क्रमांक चिकटवला जायचा. मग ते उडून जायचे. आमचा रंग काही विमानांवर तसाच राहिला होता, फक्त नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले.

म्हणून माझी पहिली विनंती ही की, ताफ्याचा आकडा छापताना त्यातली स्वतःची किती आणि भाड्याची किती हे लिहावे. मागणी नोंदवलेल्या विमानांचे आकडेही असेच फसवे असतात. इंडिगोने २००५ मध्ये, पहिले उड्डाण व्हायला वर्षभराहून अधिक अवकाश असताना, १०० एअरबस विमानांची मागणी नोंदवली आणि २०२३ मध्ये एका फटक्यात ५०० ची. वाचणाऱ्याला वाटते, एवढी विमाने कंपनी विकत घेणार. पण या व्यवसायात अनेक कंपन्या घाऊक सवलतीत विमान घेतात, ताब्यात येताच ते लीजिंग कंपनीला विकतात आणि तेच पुन्हा भाड्याने वापरतात. याला ‘सेल अँड लीजबॅक’ म्हणतात. यात गैर काहीच नाही. भांडवल अडकत नाही आणि विमाने नवी राहतात. उलट रायनएअरने आपली बहुतेक बोइंग ७३७ विमाने स्वतःच्या मालकीची ठेवली आहेत. विमाने जमिनीवर बसली तर भाड्याचे मीटर चालूच राहते, मालकीच्या विमानाचे तसे नसते. करोनाच्या काळात हा फरक मालक, कर्मचारी आणि प्रवासी अशा सगळ्यांनी अनुभवला.

भाडे थकले की काय होते ते गो फर्स्टच्या वेळी सगळ्यांनी पाहिले. मे २०२३ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने नादुरुस्त झाल्यामुळे जवळपास निम्मी विमाने आधीच उभी होती. राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाने वसुलीला स्थगिती दिली, त्यामुळे मालकांना विमाने नेता येईनात. अखेर एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या विमानांची भारतातली नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला आणि ती नेण्याची वाट मोकळी झाली. मधले जवळपास वर्षभर ती विमाने उभी होती. उभे विमान म्हणजे काय, हे आमच्या विभागातल्या माणसाला विचारा. चाके फिरवावी लागतात, इंजिनांची तोंडे झाकावी लागतात, टाक्यांत बुरशी धरते, आणि या सगळ्याची नोंद कोणी केली नसेल तर पुढे दुप्पट काम. असे होऊ नये म्हणून २००१ मध्ये केपटाउन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला होता. भाडेकरू विमान घेतानाच मालकाला लिहून देतो की पैसे थकले तर माझ्या संमतीवाचून नोंदणी रद्द करा. भारताच्या संसदेने त्या कराराला २०२५ मध्ये स्वतंत्र कायद्याचे बळ दिले. तरी करार कागदावर असून भागत नाही, हेही पाहायला मिळाले आहे: २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर निर्बंध आले तेव्हा परदेशी मालकांची ४०० हून अधिक विमाने रशियात अडकली. त्यांतली बरीचशी बर्म्युडा या ब्रिटिश बेटांच्या विमान-नोंदवहीतली होती. बर्म्युडाने त्यांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रे स्थगित केली आणि रशियाने ती स्वतःच्या नोंदवहीत घेतली. एक विमान दोन देशांच्या वहीत, ही गोष्ट रेकॉर्ड्समधल्या माणसाची झोप उडवणारी आहे.

आता कंपनीच्या मालकीकडे येते. आपल्या चौकटीत ‘देश’ असा एक रकाना होता. तिथे एका शब्दात उत्तर लिहिता येते असे मला वाटत नाही.

विमान कंपनी कोणत्या देशाची, हे तिचे बहुसंख्य भाग म्हणजे शेअर कोणाच्या हाती आहेत यावर ठरते, आणि त्यावरच तिला कुठे उडता येईल हे ठरते. म्हणून जवळजवळ प्रत्येक देशाने परकी मालकीला कुंपण घातले आहे. अमेरिकेत परक्यांना मतदानाचे २५ टक्क्यांपेक्षा जास्त हक्क मिळत नाहीत. युरोपीय संघात निम्म्याहून अधिक मालकी संघातल्या नागरिकांची हवी. क्वांटाससाठी ऑस्ट्रेलियाने १९९२ मध्ये वेगळा कायदाच केला: परकी हिस्सा एकूण ४९ टक्क्यांपर्यंत, कोणा एका परक्याचा २५ पर्यंत, सगळ्या परकी विमान कंपन्यांचा मिळून ३५ पर्यंत. भारतातही परदेशी विमान कंपनीला ४९ टक्क्यांपुढे जाता येत नाही. ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकमध्ये अमेरिकेच्या डेल्टाचे ४९ टक्के आणि व्हर्जिन समूहाचे ५१, ही वाटणी याच कुंपणातून आलेली आहे. ब्रिटिश एअरवेज आणि स्पेनची आयबेरिया २०११ मध्ये एका छत्राखाली आल्या. त्या समूहाची नोंदणी स्पेनमध्ये आहे आणि त्याचा सर्वांत मोठा भागधारक कतार एअरवेज आहे. चौकटीतल्या ‘देश’ या रकान्यात ब्रिटिश एअरवेजपुढे ‘ब्रिटन’ लिहिले आहे. ते चूक नाही, अपुरे आहे.

मालकीची सर्वांत बोलकी कथा मला गल्फ एअरची वाटते आणि ती आपल्या पानावर यायला हवी होती. १९७४ मध्ये बहारीन, कतार, अबू धाबी आणि ओमान या चौघांनी मिळून ही कंपनी ताब्यात घेतली. चारही राज्यांची ती राष्ट्रीय विमान कंपनी. काही काळ हे छान चालले. पण प्रत्येकाला वाटू लागले की विमाने आपल्या शहरातून का सुटू नयेत, परदेशी पाहुणा आधी आपल्याकडे का उतरू नये. कतारने १९९४ पासून कतार एअरवेज ही स्वतःची कंपनी उडवायला सुरुवात केली आणि २००२ मध्ये गल्फ एअर सोडली. अबू धाबीने २००३ मध्ये एतिहाद काढली आणि दोन वर्षांनी बाहेर पडण्याची घोषणा केली. ओमान २००७ मध्ये ओमान एअरवर लक्ष देण्यासाठी गेला. बहारीन एकटे उरले. आज लांब पल्ल्याचे प्रवासी ज्या कंपन्यांची तुलना करतात त्यांतल्या तिघी एकाच घरातून वेगळ्या झाल्या आहेत. स्थापनेची वर्षे वेगवेगळ्या चौकटींत छापली तर हे नाते दिसतच नाही. आणि दुबई त्या भागीदारीत कधी नव्हतीच. एमिरेट्सने २५ ऑक्टोबर १९८५ ला पहिले उड्डाण केले ते पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून भाड्याने आणलेल्या विमानाने, दुबईहून कराचीला.

भागीदारी दीर्घकाळ टिकू शकते याचेही उदाहरण आहे. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सची सातांशांची वाटणी १९४६ पासूनची: स्वीडनचे तीन भाग, डेन्मार्कचे दोन, नॉर्वेचे दोन. तिची विमाने आजही वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्यांत विखुरलेली आहेत. नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरे पाहून विमान कोणाच्या वहीतले ते ओळखायचा नाद मला या कंपनीमुळे लागला. नॉर्वेने २०१८ मध्ये उरलेला हिस्सा विकला. २०२४ च्या फेररचनेत स्वीडन सरकार बाहेर पडले, डेन्मार्क राहिले आणि एअर फ्रान्स-केएलएमने १९.९ टक्के घेतले. ३१ ऑगस्टला कंपनीने स्टार अलायन्स ही विमान कंपन्यांची युती सोडली आणि दुसऱ्या दिवशी स्कायटीम या दुसऱ्या युतीत गेली. ही मालकीतल्या बदलाची बातमी होती. पण वाचकाला ती फक्त ‘अलायन्स बदलली’ अशी कळली.

नावांचे काय सांगावे! स्विसएअरची विमाने २ ऑक्टोबर २००१ ला जमिनीवर बसली, कारण इंधनाला पैसे उरले नव्हते. आज जी स्विस उडते ती कायद्याच्या दृष्टीने क्रॉसएअर ही प्रादेशिक कंपनी आहे, मार्च २००२ मध्ये नवे नाव घेतलेली. तिच्या तिकिटावरचे ‘एलएक्स’ हे दोन अक्षरी चिन्ह क्रॉसएअरचे आहे, स्विसएअरचे ‘एसआर’ होते. २००५ पासून ती लुफ्थान्साकडे गेली. म्हणजे शेपटीवर स्वित्झर्लंडचा क्रॉस, तिकिटावर क्रॉसएअरची अक्षरे आणि मालकी जर्मन समूहाची. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हाही मला हेच आठवले: एका रात्रीत नाव गेले, विमाने तीच राहिली, वैमानिक तेच राहिले, उड्डाण क्रमांकाच्या आधी ‘दोन’ हा आकडा आला आणि सिंगापूर एअरलाइन्सला एअर इंडियात २५.१ टक्के हिस्सा मिळाला.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. विमान प्रत्यक्षात चालवते कोण?

३ जानेवारी २००४ ला इजिप्तमधल्या शर्म अल-शेखहून उडालेले फ्लॅश एअरलाइन्सचे बोइंग ७३७ समुद्रात कोसळले. विमानातले सर्व १४८ जण गेले, त्यांतले बहुसंख्य फ्रेंच पर्यटक. नंतर उघड झाले की स्वित्झर्लंडने या कंपनीला २००२ मध्येच आपल्याकडे बंदी घातली होती आणि फ्रान्समध्ये तिकीट काढणाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी सहल विकत घेतली होती, विमान कोणाचे हे कोणी विचारले नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते. यानंतर युरोपीय संघाने २००५ मध्ये नियम केला: विमान कोण चालवणार त्याचे नाव प्रवाशाला सांगितलेच पाहिजे, आणि ज्या कंपन्यांना बंदी आहे त्यांची यादी जाहीर झाली पाहिजे.

अमेरिकेला हेच शिकायला आणखी काही वर्षे लागली. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला जाणारे विमान घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. तिकिटावर आणि विमानावर नाव होते ‘कॉन्टिनेंटल कनेक्शन’. चालवत होती कोलगन एअर. वैमानिक कोलगनचे, त्यांचे प्रशिक्षण कोलगनचे, पगारही कोलगनचे, आणि चौकशीत प्रशिक्षणावर आणि थकव्यावर बोट ठेवले गेले. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला खेटे घातले. २०१० मध्ये कायदा झाला की वेबसाइटवर तिकीट दाखवताना पहिल्याच ठिकाणी चालवणाऱ्या कंपनीचे नाव दिसले पाहिजे. आजही तिथे छोट्या शहरांना जाणारी ‘अमेरिकन ईगल’, ‘डेल्टा कनेक्शन’, ‘युनायटेड एक्सप्रेस’ ही उड्डाणे स्कायवेस्टसारख्या कंपन्या चालवतात. एकटी स्कायवेस्ट चार मोठ्या कंपन्यांच्या रंगांत उडते.

वेट लीज म्हणजे विमान, वैमानिक, विमा आणि देखभाल सगळेच दुसऱ्याचे. हे करणाऱ्या कंपन्यांपैकी कितीतरी उत्तम आहेत, त्यांच्या नोंदी मी पाहिल्या आहेत आणि काहींची शिस्त मोठ्या कंपन्यांनी घ्यावी अशी आहे. माझा आक्षेप न सांगण्याला आहे. मागे मी एका जुन्या, मोठ्या कंपनीचे तिकीट काढले. दाराशी उभे विमान नुसते पांढरे, शेपटी कोरी. प्रवासात माझी बॅग राहिली. तिकीटवाली कंपनी म्हणाली, चालवणाऱ्यांना विचारा. चालवणारे म्हणाले, तिकीट ज्यांचे त्यांना विचारा. ११ दिवस असेच गेले. मग मी त्यांना १९९९ च्या माँट्रियल कराराचा पाचवा भाग लिहून पाठवला. त्यात स्पष्ट आहे की तिकीट देणारी आणि प्रत्यक्ष नेणारी, या दोघींपैकी कोणाकडेही प्रवासी दावा करू शकतो. चौथ्या दिवशी बॅग घरी आली. हे वाचकांना सांगायलाच हवे, आणि सोबत मुदतीही: सामान मोडलेले मिळाले तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाले तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

एकाच समूहाच्या एकाच रंगाखालीही परवाने वेगळे असतात. रायनएअरच्या विमानावर नोंदणी क्रमांक ‘ईआय’ने सुरू होत असेल तर परवाना आयर्लंडचा, ‘एसपी’ असेल तर बझ या पोलंडमधल्या उपकंपनीचा, ‘नाइन एच’ असेल तर माल्टाचा. तपासणी कोणत्या देशाचे खाते करते, हे त्या अक्षरांनी कळते.

मार्गांबद्दल थोडेच लिहिते. ‘१४० शहरे’ असा आकडा छापण्यापेक्षा एक मार्ग नीट सांगितला तर कंपनी जास्त कळते. १९४४ च्या शिकागो परिषदेपासून आकाश देशादेशांत वाटलेले आहे आणि प्रत्येक मार्गामागे दोन सरकारांची सही असते. सिंगापूर एअरलाइन्सचे विमान फ्रँकफर्टला थांबून न्यूयॉर्कला जाते आणि फ्रँकफर्टमध्ये नवे प्रवासीही घेते. एमिरेट्स मिलानहून न्यूयॉर्कला नेते. इथिओपियन एअरलाइन्स टोगोतल्या लोमेहून अमेरिकेतल्या नेवार्कला. तिसऱ्या देशांमध्ये प्रवासी नेण्याचा हा हक्क सहजी मिळत नाही, आणि तो कोणाकडे आहे हे विमानांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे.

माझा सर्वांत आवडता मार्ग मात्र युनायटेडचा आहे. ग्वामहून निघालेले एक बोइंग ७३७ चुउक, पोनपे, कोसराए, क्वाजालेन आणि माजुरो या प्रशांत महासागरातल्या बेटांवर थांबत थांबत होनोलुलूला पोहोचते. १९६८ मध्ये एअर मायक्रोनेशिया या नावाने हा प्रवास सुरू झाला, मग तो कॉन्टिनेंटलकडे राहिला आणि २०१० च्या विलीनीकरणात युनायटेडकडे आला. बेटांवर दुरुस्तीची सोय नाही, म्हणून विमानात एक मेकॅनिक आणि सुटे भाग सोबत असतात. पुढचे विमान दोन दिवसांनी, त्यामुळे बिघाड झाला तर तिथल्या तिथे निस्तरायचा. तीन मालक बदलले, तरी बेटावरच्या माणसांना, त्यांच्या औषधांना आणि टपालाला तोच थांबा मिळत राहिला. ज्या मेकॅनिकने माझ्याजवळ येऊन तो प्रश्न विचारला होता, त्यांना मी या मार्गाची माहिती एकदा छापून दिली होती. ती त्यांनी हँगरमधल्या आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

तर, संपादक महाराज, चौकट मोठी करू नका. आहे त्याच जागेत चार ओळी बदला. कंपनीचे बहुसंख्य भाग कोणाकडे. ताफ्यातली स्वतःची किती, भाड्याची किती. तिच्या नावाने उडणारी विमाने आणखी कोण चालवते. आणि तिच्याकडे असलेला असा एक मार्ग जो दुसऱ्या कोणाकडे नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात पहिल्या दोन गोष्टी मिळतात. ताफ्याच्या तक्त्यात ‘ओन्ड’ आणि ‘लीज्ड’ असे रकानेच असतात. देशांच्या नोंदवह्यांपैकी अनेक इंटरनेटवर खुल्या आहेत. एका कंपनीला सवय नसलेल्या माणसाचा एक दिवस लागेल, सवय झाली की एक तास.

माझ्याकडे १८ वह्या आहेत, कंपनीगणिक पाने पाडलेल्या, १९९१ पासूनच्या. जिथे नोंद कुठून घेतली ते समासात लिहिले आहे, आणि जी नोंद पुढे चुकीची ठरली ती खोडली नाही, तिच्या खाली तारखेसह दुरुस्ती केली आहे. आपल्या वार्ताहरांना त्या चाळायच्या असतील तर मी आनंदाने देईन. माझा पत्ता पाकिटावर आहे, तो आणि नाव मात्र छापू नये ही विनंती.

आपली वाचक,
टेक्निकल रेकॉर्ड्स विभागातील एक निवृत्त कर्मचारी